भिंतीपलीकडे

चाळीतल्या आमच्या खोलीची मधली भिंत एका विटेची होती. पलीकडे फोडणी पडली की इकडे आम्हांला ठसका लागे. त्याच भिंतीतून काही रात्री भांडे आपटल्याचा आवाज येई, आणि मागोमाग एका बाईचे दाबून धरलेले रडणे. वडील रेडिओ मोठा करीत. मी पुस्तकात डोके घाली. सकाळी ती नळावर भेटे, पदर कपाळापर्यंत ओढलेला. "पाणी आले का हो?" एवढेच आम्ही विचारीत असू. नवराबायकोच्या भांडणात तिऱ्हाइताने पडू नये, हा आमचा सभ्यपणा होता.

घराच्या उंबरठ्याशी सरकारने थांबावे, असे म्हणणारे आजही भेटतात. पण मार उंबरठ्याच्या आतच बसत असेल तर बाहेर थांबलेला न्याय काय कामाचा? १९८३ साली नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ हा फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा ठरला. पुढे २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मारहाणीबरोबर अपमान आणि पैशाची कोंडीही त्यात आली. घर कोणाच्याही नावावर असो, तिला त्यात राहण्याचा हक्क मिळाला.

मला मात्र त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने अडवले. असा हिंसाचार होत आहे असे मानण्यास ज्याला कारण आहे, तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे सरकारने शेजाऱ्याची भीती काढून घेतली, आणि तिच्याबरोबर त्याची सबबही.

तरी कलम म्हणते, 'कळवू शकतो'. 'कळवलेच पाहिजे' असे म्हणत नाही. ते बरेच आहे. तिला न विचारता केलेल्या तक्रारीचा राग रात्री तिच्याच पाठीवर निघायचा. मग आधी तिलाच विचारायला हवे. 'शकतो'चे 'पाहिजे' कधी करायचे, हे ठरवणे सरकारने माझ्यावर सोपवले आहे, आणि ते ओझे हलके नाही.

आमच्या वेळी हा कायदा नव्हता, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. पण "काल रात्री काय झाले हो?" असे नळावर विचारायला कोणत्या कायद्याची गरज होती?