भाषाभत्ता

आमच्या भाच्याची खडकवासल्याला एन.डी.ए.त निवड झाली, त्या दिवशी ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, मेहुण्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि माझ्या तोंडात पेढा होता. तोंडात पेढा असताना माणसानं मत देऊ नये, हा नियम मी कटाक्षानं पाळतो. बाकीचे पाळत नाहीत. त्यामुळे पहिला पेढा संपायच्या आत मुलगा जनरल होऊन निवृत्तसुद्धा झाला होता, आणि दुसऱ्या पेढ्याला विषय निघाला की तिथे परदेशी भाषा शिकवतात, तर त्यानं कुठली घ्यावी?

अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन अशी नावं भाच्यानं सांगितली. झालं! पुण्यात मत मागावं लागत नाही, ते दाराशी चपला काढून आत येऊनच बसलेलं असतं. आत्याबाई म्हणाल्या, फ्रेंच घे, कानाला गोड लागते. शेजारच्या आजोबांनी रशियनचा आग्रह धरला. तरुणपणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन ते स्वतः रशियन शिकले होते. त्यातलं आता 'दा' आणि 'न्येत' एवढंच आठवतं, म्हणजे 'हो' आणि 'नाही'. "पण संसाराला तेवढं पुरतं," असं ते आजींकडे न बघता म्हणाले. "त्यातलं 'न्येत' तुम्ही कधी वापरलंत?" असं आजींनी विचारलं आणि रशियनचा विषय तिथंच संपला.

मेहुणे मात्र मुद्द्याचे. ते म्हणाले, "यांतल्या कुठल्या भाषेला जास्त पैसे मिळतात?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बँकेत कारकून आहे, म्हणजे जगातल्या यच्चयावत पगारांचे आकडे मला पाठ असणार, अशी आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. मीही ती मोडत नाही. घरात तेवढाच मान आहे. मी म्हणालो, "अमेरिकेच्या सैन्यात परभाषेच्या प्रावीण्याबद्दल महिन्याला वेगळा भत्ता देतात. एकापेक्षा जास्त भाषा येत असतील तर तो १,००० डॉलरपर्यंत जातो."

खोलीत आदरयुक्त शांतता पसरली. आत्याबाईंनी मनातल्या मनात गुणाकार सुरू केल्याचं त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

त्यांच्याकडे माँटेरे नावाच्या गावी सैनिकांसाठी भाषांची मोठी शाळाच आहे. तिथे भाषांची अवघडपणानुसार वर्गवारी केलेली असते. स्पॅनिश ३६ आठवड्यांत उरकतात, चिनी आणि अरबीला ६४ आठवडे देतात. (आपली मराठी त्यांनी कितव्या वर्गात घातली असती? नुसतं मराठी एक वेळ जमेल. पण 'या एकदा जेवायला' या वाक्याचा अर्थ 'येऊ नका' असा होतो, हे शिकवायला पेन्शनीपर्यंतचा काळ लागेल.) शिवाय तो भत्ता एकदा मिळाला की जन्मभर मिळाला, असं नाही. पुन्हा पुन्हा परीक्षा द्यावी लागते. हे वाचल्यावर मला घाम फुटला. बँकेत जे.ए.आय.आय.बी. पास झाल्याबद्दल मला एक इन्क्रिमेंट मिळालं. परीक्षा रविवारी झाली, अभ्यास मंगळवारपर्यंत विसरलो, इन्क्रिमेंट मात्र आजतागायत चालू आहे. उद्या कुणी पुन्हा परीक्षा घ्यायची टूम काढली तर रिकव्हरी निघेल!

पण मेहुण्यांचा प्रश्न रात्री अंथरुणावर माझ्याबरोबर आला. दिसायला तो व्यवहाराचा, खरा तो नीतीचा. भाषा येते म्हणून माणसाला पैसे द्यायचे, तर ते नक्की कशाचे? शब्द पाठ केल्याचे? की समोरच्याचं म्हणणं कळल्याचे? शब्दांची परीक्षा घेता येते. कळण्याची कोण घेणार?

हा घोळ आजचा नाही. कंपनी सरकारच्या फौजेत गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा असत. पास झालं की दुभाष्याची जागा मिळण्याची आशा, म्हणजे वरकड पैसे. मुंबई इलाख्याच्या पलटणीत १८४२ साली आलेला रिचर्ड बर्टन हा या परीक्षांचा कर्दनकाळ होता. हिंदुस्थानी झाली, गुजराती झाली, मराठी झाली, आणखीही झाल्या. पुढे १८४८ साली शिखांशी दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा त्यानं दुभाषा म्हणून अर्ज केला. त्याच्या नावावर सहा भाषा जमा होत्या. नेमणूक झाली ती फक्त हिंदुस्थानी पास झालेल्या माणसाची! हे वाचल्यापासून बर्टन मला आमच्याच शाखेतला वाटतो. प्रमोशनच्या यादीत आपलं नाव नसलं की कँटीनमध्ये बसून ज्या चेहऱ्यानं चहा पितात, तो चेहरा त्याचाही झाला असणार.

दुसरा माणूस त्याच्या आधीचा आणि अगदीच वेगळा. जेम्स मोल्सवर्थ. कोवळ्या वयात, १८१२ साली, फौजेत दाखल होऊन हा इकडे आला. इतरांसारखाच भाषा शिकला, परीक्षा दिल्या, दुभाष्या झाला. पण सोलापूरकडे असताना त्याला मराठी शब्द गोळा करण्याचा नाद लागला, आणि नाद लागलेल्या माणसाची कारकीर्द सरळ राहत नाही. तलवार राहिली म्यानात. ब्राह्मण पंडितांच्या आणि कँडी बंधूंच्या मदतीनं त्यानं मराठी-इंग्रजी कोश रचला, तो १८३१ साली निघाला. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे उत्तरेत शिपाई कंपनीवर उठले होते त्याच साली! या कँडी बंधूंपैकी थॉमस कँडी हाही लष्करातलाच. तो पुण्यात शिक्षणखात्यात रमला आणि मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं मोठं श्रेय त्याला देतात. म्हणजे आज आपण मराठीत जो स्वल्पविराम देऊन श्वास घेतो, तोही एका मेजरच्या कृपेनं.

पण मोल्सवर्थची खरी गंमत पुढेच आहे. लष्करी पेशा आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाही, असं त्याला वाटू लागलं. त्यानं नोकरी सोडली आणि पेन्शनही नाकारली. पेन्शन! मी बी.कॉम. आहे, मला देव नाकारणारी माणसं समजतात, पेन्शन नाकारणारी समजत नाहीत. बँकेत मी हे सांगितलं तेव्हा हेडकॅशियर म्हणाले, "फॉर्म भरायचा कंटाळा आला असेल."

मलाही तसंच वाटलं असतं. पण मध्ये एक गोष्ट घडून गेली होती. ती सोलापूरच्याच बाजूची.

२००९ साली बँकेनं आमच्याकडून एक माहितीपत्रक भरून घेतलं. त्यात रकाना होता, 'अवगत असलेल्या इतर भाषा'. रकाना रिकामा ठेवणं माझ्या रक्तात नाही. माझी मावशी बेळगावची, तिच्याकडे सुटीत जाऊन मला जेमतेम चाळीस कानडी शब्द येत होते, त्यांतले पंचवीस खाण्याचे. मी ठोकून दिलं, 'कानडी'. तीन महिन्यांत अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाखेत माझी बदली झाली. भाषेचा नोकरीवर परिणाम होतो तो असा! भत्ता मात्र शून्य.

मॅनेजरनी मला पेन्शनच्या काउंटरवर बसवलं. 'सही माडरी' म्हणजे सही करा, आणि 'नाळे बर्री' म्हणजे उद्या या. एवढ्या भांडवलावर कुठलंही सरकारी काम चालतं, तसं माझंही चाललं. तिथे दर महिन्याला एक म्हातारी यायची. सगळे तिला अव्वा म्हणत. तिचा अविवाहित मुलगा फौजेत होता, तो गेला, आणि त्याची पेन्शन तिच्या खात्यात जमा व्हायची. एकदा तिनं पासबुकावर बोट ठेवून मला विचारलं, "इदु नन्न मगन पगार एनरी?" हा माझ्या मुलाचा पगार आहे का हो?

सगळे शब्द मला कळले. एकही अडला नाही. रांग मोठी होती, रक्कम फौजेतून आलेली होती. मी ऐटीत म्हणालो, "हौद्री." होय हो.

आठ दिवसांनी आमचा शिपाई माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, अव्वाला काय सांगितलंत तुम्ही? ती गावभर सांगत सुटलीय, बँकेच्या साहेबानं सांगितलं, पोराचा पगार येतोय म्हणून. पगार येतो म्हणजे पोरगं आहे. दिवाळीला येईल म्हणते."

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

पुढच्या महिन्यासाठी शिपायाकडून मी वाक्य शिकून घेतलं. तीन संध्याकाळ घोकलं. अव्वा आली. मी खुर्चीवरून उठून काउंटरच्या बाहेर गेलो आणि सांगितलं की हा पगार नव्हे, मुलगा गेला म्हणून सरकार तुम्हाला देतं ते हे पैसे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "गोत्तैति." ठाऊक आहे. मग जरा थांबून तिनं माझा एक शब्द सुधारला. घाबरल्यामुळे मी शिकवलेला शब्द विसरून 'सत्तान' म्हणालो होतो. ते आपल्या 'मेला'सारखं. "तीरिकोंडान अन्नबेकु," ती म्हणाली. 'वारला' म्हणावं. मग पासबुक पदरात गुंडाळून ती निघून गेली.

तिला ठाऊक होतं, तर तिनं विचारलं का? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आपल्या भाषेत कुणीतरी एकदा 'होय' म्हणावं, एवढंच कदाचित तिला हवं असेल. पण 'मेला' आणि 'वारला' यांतला फरक कळायला किती आठवडे लागतात, हे माँटेरेच्या वर्गवारीत बसणारं नाही. आणि असे फरक हजारोंनी टिपून ठेवणाऱ्या मोल्सवर्थला त्याच माणसांवर चालायच्या तलवारीची पेन्शन का घ्यावीशी वाटली नसेल, याचा मला तेव्हापासून थोडा अंदाज येतो. त्याची कारणं धर्माची होती, हे खरं. पण ज्यांच्या शिव्यासुद्धा आपण अर्थासकट लिहून घेतल्या, त्यांना नुसतं 'शत्रू' म्हणणं जडच जात असणार.

हे सगळं मी मेहुण्यांना सांगितलं नाही. त्यांना आकडा हवा होता, तो देऊन झाला होता.

भाच्यानं शेवटी चिनी घेतली. पहिल्या सुटीत घरी आला तेव्हा केस इतके कापलेले, की ताईच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. मेहुणे म्हणाले, "बोल बघू काहीतरी चिनी!" त्यानं काहीतरी म्हटलं. ते आम्हाला शिंकेसारखं ऐकू आलं, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"मामा, हे आमचं पहिल्या आठवड्यातलं वाक्य. 'मला समजलं नाही, पुन्हा सांगा.'"

मी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. घरच्यांना वाटलं, मामाला भाच्याचं कौतुक. ते होतंच. पण खरं सांगायचं तर एवढं एकच वाक्य २००९ साली मला कानडीत यायला हवं होतं. मेहुण्यांनी विचारलं, "याला भत्ता किती?" मी आणखी एक पेढा तोंडात टाकला, आणि माझा नियम पाळला.