दृष्टीचा दोष कोणाकडे?

वारकऱ्याला देवाजवळ काय मागायचे असते? धन नको, मान नको. त्याला हवे दर्शन. विदर्भातून निघालेल्या दिंड्या महिना महिना ऊनपाऊस झेलीत पंढरीला जातात. ज्यांना तितके जाणे होत नाही, ते नागपूरकर कळमेश्वर तालुक्यातल्या धापेवाड्याला जातात, तिथल्या चंद्रभागेत पाय बुडवतात आणि विठोबापुढे क्षणभर उभे राहतात. एवढा खटाटोप कशासाठी? पाहण्यासाठी. तेव्हा पाहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वारकऱ्याला परका नाही.

देव पाहण्याची गोष्ट आज घटकाभर राहू द्या. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. समोरचे माणूस आम्हाला जसे दिसते, त्या दिसण्याला आम्ही जबाबदार आहो की नाही? कुणी म्हणेल, “अहो, डोळ्यांना दिसले ते दिसले. त्यात आमचा काय दोष?” उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण ते किती टिकते, ते पाहू.

अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी येथे १८८१ साली एक मूल जन्माला आले. वर्षाचे व्हायच्या आतच त्याची दृष्टी गेली. शेतकऱ्याचे घर, आंधळे पोर, आणि थोड्याच वर्षांत आईही वारली. अशा पोराकडे पाहून गावाला काय दिसले असेल? बिचारे, पुढे याचे कसे व्हायचे, एवढेच. या पोराला शाळा नव्हती. दुसऱ्यांनी वाचून दाखवावे आणि याने ऐकून धरून ठेवावे, अशी त्याची विद्या झाली. हेच आमचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. ते स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवीत. १९१५ साली पुण्यास त्यांनी देह ठेवला तेव्हा वय अवघे चौतीस. आणि मागे शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ. त्यांत भक्ती आहे, वेदान्त आहे, आणि मनाच्या व्याधींचा विचार करणारा ‘मानसायुर्वेद’ही आहे.

आता विचार करा. ज्यांनी वाचून दाखवले, त्यांनी कंटाळून “आंधळ्याला काय कळणार!” म्हणून पोथी मिटली असती तर? महाराजांची प्रज्ञा ईश्वराने दिलेली होती हे खरे. पण तिच्यापर्यंत ग्रंथ पोचले ते कुणाच्या तरी आवाजातून. त्या माणसांना पोरात आंधळेपणापलीकडचे काही दिसले, म्हणून ते वाचत राहिले.

याला हल्लीच्या शास्त्राचीही साक्ष आहे. १९९६ साली संशोधकांनी असे दाखवले की, लहानपणापासून अंध असलेली माणसे बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा भाग, जो डोळसांच्या पाहण्याला लागतो तोच, कामाला लागतो. डोळे मिटले म्हणून मेंदूतली ती खोली ओस पडत नाही. ती दुसऱ्या वाटेने भरते.

उलट बाजूही मोठी विचार करण्यासारखी आहे. जन्मांधाला एकाएकी दृष्टी आली, तर हाताने ओळखलेला गोळा आणि ठोकळा त्याला नुसत्या नजरेने ओळखता येतील का? हा प्रश्न मॉलिन्यू नावाच्या आयरिश गृहस्थाने १६८८ साली लॉक या तत्त्ववेत्त्याला पत्रातून विचारला होता. त्याचे उत्तर सव्वातीनशे वर्षांनी आपल्या देशातल्या पोरांनी दिले. डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात दिल्लीला अशा मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची परीक्षा घेतली, तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. पट्टी निघाली, डोळ्यांत उजेड आला, पण हाताने चाचपलेली वस्तू कोणती, हे मुलांना नजरेने सांगता येईना. त्यांचे उत्तर जवळजवळ अंदाजपंचेच होते. मात्र ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली, ती मुले काही दिवसांतच ते ओळखू लागली.

याचा अर्थ काय? डोळे मिळतात, पण पाहणे शिकावे लागते. आणि जे शिकावे लागते, ते चुकीचेही शिकले जाऊ शकते. आमचे पाहणे आम्ही घरात, गल्लीत, पंगतीत, शाळेत शिकलो. तिथे जे मिसळले असेल, ते आमच्या नजरेत उतरले आहे.

हे शाळेतच जाऊन पाहू. २०१२ साली रेमा हन्ना आणि ली लिंडन या दोघा संशोधकांनी आपल्या देशातल्या एका परीक्षेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या नकला शिक्षकांना तपासायला दिल्या. वरच्या पानावर मुलाची जात लिहिली होती, पण ती खरी नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुठलीही जात कुठल्याही पेपरावर घातलेली. तीच उत्तरे, तेच अक्षर. पण पानावर खालची म्हटलेली जात असली की सरासरीने गुण थोडे कमी पडले. फरक लहान होता, पण होता. त्यातल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा फरक उच्चवर्णीय शिक्षकांच्या हातून झालेला आढळला नाही. तो मुख्यतः स्वतः खालच्या मानलेल्या जातींतल्या शिक्षकांच्या हातून झाला. म्हणजे हे वैरातून झाले असे म्हणता येत नाही. जी नजर सोसली, तीच अंगी मुरली असावी. दुसरी, तपासणीच्या सुरुवातीच्या पेपरांत हा फरक जास्त दिसला. गुण किती द्यावेत याचा अंदाज बसलेला नसतो, तेव्हा शिक्षकाचे मन पहिल्या पानावरच्या खुणेचा आधार घेते.

आणि मुलाचे काय? तेही स्वतःला पाहायला शिकतच असते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नाही तेव्हा दोन्ही गटांची पोरे जवळपास सारखीच उतरली. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारली, तेव्हा खालच्या म्हटलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ साली छापून आला. कोडी तीच, पोरेही तशीच. पण चार लोकांत जात पुकारली गेली आणि पोरांचा हात अडखळला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असे जर सारे नकळत घडते, तर दोष कोणाचा?

आपल्या वेदान्तात दोरी आणि साप यांचा दृष्टान्त प्रत्येक कीर्तनकार सांगतो. अंधुक उजेड, वाटेत दोरी पडलेली, माणसाला साप दिसतो. भास व्हायला दोन गोष्टी लागतात: कमी उजेड, आणि मनात आधीपासून बसलेला साप. ज्याने साप कधी पाहिला-ऐकला नाही, त्याला दोरीवर साप दिसत नाही. शिक्षकाच्या हाती पहिला पेपर आला तेव्हा नेमके हेच झाले. उजेड कमी होता आणि मनात साप होता.

साप दिसला यात पाप नाही. तो आम्ही बोलावला नाही. तो पिढ्यांनी मनात सोडला आहे. पण पुढे काय करायचे, ते मात्र आमच्या हाती आहे. एक जण काठी उचलतो आणि झोडपतो. दुसरा म्हणतो, “थांबा, दिवा आणा.” आमच्या मते सारी नीती या दोघांच्या मधे आहे. पहिल्या भासाचा जाब कुणी विचारणार नाही. दिवा का आणला नाहीस, याचा जाब द्यावा लागेल. आणि इथे काठी दोरीवर पडत नाही, लेकरावर पडते.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. देवाला भेटायला आलेल्या त्या भक्ताकडे पाहणाऱ्यांना भक्त दिसला नाही, जात दिसली. शतके लोटली तरी दिवा आणला गेला नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी दहा दिवस उपवास केला, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो माणसे जी नजर त्यांच्यावर रोखलेली होती, तिच्यातून बाहेर पडली. दिवा आणायला उशीर झाला की त्याची किंमत कुणाला मोजावी लागते, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको.

दिवा म्हणजे फार मोठे काही नव्हे. पेपर तपासताना नावाचे पान दुमडून ठेवता येते. “या पोट्ट्याच्या डोक्यात काही शिरत नाही,” असे म्हणण्याआधी त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहता येते. पुष्कळदा पोर ढ नसते, त्याला फळाच दिसत नसतो आणि चष्म्याने काम भागते. एका प्रश्नाला उत्तर आले नाही तर तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारता येतो. चार लोकांत पोराला त्याच्या जातीने, व्यंगाने, बापाच्या धंद्याने हाक न मारणे, हे तर आज संध्याकाळपासून जमण्यासारखे आहे.

आणि वारकऱ्याजवळ तर हा दिवा आधीपासूनच आहे. वाटेत वारकरी वारकऱ्याला भेटतो तेव्हा तो कोण, कुठला, कुणाचा हे न विचारता दोघे एकमेकांच्या पाया पडतात. पुष्कळ जण याला नुसती रीत समजतात. आम्हाला ती नजरेची शाळा वाटते. डोळ्यांनी माणसाची किंमत ठरवायच्या आत डोके खाली गेलेले असते; साप दिसायला सवडच उरत नाही. ही रीत वारीच्या वाटेवर पाळून घरी येताच विसरायची असेल, तर पाय दुखले एवढाच लाभ.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आषाढीच्या आसपासच. त्या वेळी जे पंढरीला जातील त्यांनी विठोबा डोळे भरून पाहावा. जे गुरुजी, आईबाप, आजीआजोबा मागे राहतील, त्यांच्यापुढे दप्तर घेतलेले पोर उभे असेल. त्याला मोजण्याआधी दोनदा पाहावे. तेही दर्शनच आहे.

रामकृष्णहरी.