पहाटेचा आजार

डिसेंबरात निफाडकडं पारा उतरला की द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात. मण्यांना थंडी बाधू नये म्हणून माणसं झोप मोडून बागेत फिरत असतात. अशाच एका पहाटे अण्णांच्या वस्तीवर शेकोटीच्या धुरातून एकच आवाज येत होता, पिकअपच्या सेल्फचा. घर्र घर्र व्हायचं, मग थोडी उसंत, पुन्हा घर्र घर्र. मागं लाल कांदा भरलेला. लासलगावच्या मार्केटात लिलावाच्या रांगेत गाडी लवकर लागावी म्हणून चारला उठलेली माणसं साडेपाचपर्यंत त्या आवाजाकडं कान लावून उभी होती.

शेवटी गाडी सुरू झाली. अर्धा मिनिट लंगडली, मग सरळ चालायला लागली. एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

हे महिनाभर चाललं होतं. अण्णांनी आधी बॅटरी बदलली. चार दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा अडली. मग चारही हीटर बदलले. तेव्हाही दोन दिवस बरे गेले. मग सेल्फ खोलून त्याचे कार्बन बदलले. चौकातल्या एकानं सल्ला दिला, पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं एअर फिल्टरच्या तोंडाला धरा, झटक्यात लागेल. एक दिवस तेही केलं. इंजिननं आतून असा काही ठोका दिला की माई घरातून धावत बाहेर आल्या. आता गॅरेजवाल्याचं म्हणणं होतं, पंप उतरवून नाशिकला पाठवू, कॅलिब्रेशन करून घेऊ, नोझलही तपासून घेऊ. त्याचा खर्च ऐकून अण्णांनी रात्रभर कूस बदलली होती.

बाळा त्यांचा ड्रायव्हर. बावीस-तेवीस वर्षांचा, हातानं चांगला, गाडीला जपणारा. तो या सगळ्यात गप्प होता.

माईंच्या माहेरगावी एक म्हातारे मिस्त्री होते. नजर अधू झाल्यावर त्यांनी गॅरेज मुलाच्या हाती दिलं होतं. माईंनीच त्यांना फोन लावला. अण्णा म्हणाले, "मिस्त्री, गाडी घेऊन येतो तुमच्याकडं."

"आणू नका," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही इथं आणाल तेव्हा ती गरम झालेली असेल. गरम गाडीत मला काय दिसणार? आजार पहाटेचा आहे, मी पहाटेच बघतो. संध्याकाळी मुक्कामाला येतो."

महिनाभर ज्या ज्या हातांनी ती गाडी तपासली, त्या सगळ्यांनी ती बरी असतानाच तपासली होती. सुरू होत नाही म्हणून ज्या गाडीची तक्रार, ती गॅरेजला सुरू होऊनच पोचत होती. मला वाटतं, ही चूक नुसत्या गाड्यांच्याच बाबतीत होते असं नाही.

संध्याकाळी मिस्त्री आले. हातात एक पत्र्याचा डबा, खांद्याला पिशवी. बाळा नुकताच मार्केटहून आला होता. त्यानं गाडी सवयीनं खळ्याच्या कडेला उतारावर लावली, तोंड खाली करून. मिस्त्री ओट्यावर बसून बघत होते.

"एवढं मोठं सपाट खळं मोकळं आहे. गाडी तिकडं का लावतोस रे बाळा?"

"धक्का द्यायला बरं पडतं, काका."

"हं. आणि तिथून लवकर लागते का?"

बाळा क्षणभर थांबला. "लागते थोडी लवकर."

मिस्त्रींनी एवढंच सांगितलं, "आज उलटी लाव. तोंड वर."

पहाटे पाचला ते शाल गुंडाळून गाडीच्या मागं जाऊन बसले, सायलेन्सरपाशी. पुढं जाऊन बॉनेट उघडलं नाही, पाना काढला नाही. बाळाला म्हणाले, "हीटरचा दिवा विझू दे, मग सेल्फ मार. दहा सेकंद. मग थांब, सेल्फला थंड होऊ दे."

दहा सेकंद सेल्फ फिरला. मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, मग हात नाकाशी नेला. पुन्हा दहा सेकंद. पुन्हा हात. मग अण्णांना जवळ बोलावलं.

"बघा, अण्णा. धूर आहे का?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीसारखा प्लग आग लावत नाही. पिस्टन हवा दाबतो, विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबतो, त्या दाबानं हवा 500 अंशांच्या वर तापते, आणि तेवढ्यात नोझलमधून डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. हीटर फक्त थंडीत मदत करतो. आता समजा, सेल्फ मारताना पांढरा धूर आला असता, डोळ्याला झोंबणारा. तर मी म्हणालो असतो की डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर बघायचे, काँप्रेशन बघायचं. इथं धूरच नाही. हात कोरडा. म्हणजे डिझेल तिथंवर गेलंच नाही. जे पोचलंच नाही त्याला पेटवायला तुम्ही नवे हीटर घातले."

"मग बॅटरी बदलल्यावर चार दिवस बरी कशी चालली?"

"नव्या बॅटरीनं सेल्फ जोरात फिरला. पंपानं लांबून का होईना, डिझेल ओढून आणलं. आजार तसाच राहिला, वर पांघरूण पडलं." मग त्यांना पेट्रोलच्या फडक्याची गोष्ट कळली तेव्हा मात्र ते खरोखर चिडले. "हीटर लाल असताना त्यात पेट्रोलची वाफ सोडलीत? पिस्टनची रिंग तुटली असती. कुणाच्या तोंडावर आली असती. पुन्हा करू नका. कुणी सांगितलं तरी करू नका."

आता त्यांनी बॉनेट उघडलं. पत्र्याच्या डब्यात गाळून आणलेलं स्वच्छ डिझेल होतं. पंपाकडं जाणारी नळी फिल्टरपासून सोडवली आणि डबा वर टांगून त्यातून एक पारदर्शक नळी थेट पंपाला जोडली. टाकी, टाकीपासूनचा पाइप, फिल्टर सगळं बाजूला. पंपात अडकलेली हवा निघेपर्यंत दोनदा सेल्फ मारावा लागला. तिसऱ्याला गाडीनं अशी उचल घेतली की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. ना लंगडणं, ना धूर.

"पंप चांगला आहे," मिस्त्री म्हणाले. "नोझल चांगले आहेत. नाशिकला काही पाठवायचं नाही."

अण्णांनी ओट्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"दोष टाकी ते पंप या वाटेत आहे. आणि ही वाट ओढीची आहे. या गाडीत पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढीच्या नळीला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि सगळे फसतात. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल मागं टाकीत उतरतं. सकाळी पंप हवाच ओढत बसतो. तोंड खाली करून लावली की इंजिन टाकीपेक्षा खालच्या पातळीला येतं, डिझेल मागं उतरत नाही." एवढं बोलून त्यांनी बाळाकडं पाहिलं. "हे याला कळलं होतं. शब्दांत सांगता आलं नसतं कदाचित, पण कळलं होतं."

त्यांनी फिल्टर पुन्हा जोडला, फक्त फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये ती पारदर्शक नळी ठेवली. गाडी चालू केली. नळीतून पिवळसर डिझेल वाहत होतं आणि त्यात मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक बुडबुडे. एकामागून एक, न थांबता. मग टाकीकडची नळी काढून फिल्टरला थेट डब्यातून डिझेल दिलं. बुडबुडे तसेच राहिले.

"म्हणजे टाकीकडचा पाइप निर्दोष. उरला हा फिल्टर." त्यांनी गाडी बंद केली. "अण्णा, चहा सांगा जरा. आणि आलं घालून म्हणावं, सावकाश होऊ दे."

अण्णा आत गेले. मिस्त्रींनी फडक्यानं हात पुसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाळा, इथं शेवटचा हात कुणाचा लागला?"

बाळा जमिनीकडं बघत राहिला.

"मी विचारतोय ते तुला पकडायला नाही. मशीन खोटं बोलत नाही, पण त्याची मागची गोष्ट माणसानंच सांगावी लागते. ती मिळाली नाही तर मी अंधारात चाचपडत बसतो."

मग बाळा बोलला. नोव्हेंबरात मालेगावहून रिकामी गाडी घेऊन येत होता. राहुड घाटात चढाला गाडी दोनदा गुदमरली आणि बंद पडली. डिझेल संपलं होतं. ड्रायव्हरनं रस्त्यात डिझेल संपवायचं म्हणजे केवढी नामुष्की! एका ट्रकवाल्यानं कॅनभर डिझेल दिलं. गाडीनं एअर घेतली होती, ती काढायला बाळानं मोबाइलच्या उजेडात फिल्टरवरचा बोल्ट ढिला केला, हातानं प्रायमर मारला, बुडबुडे संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत मारला. काम बरोबर केलं होतं. फक्त बोल्टाखालचा तांब्याचा वायसर हातातून निसटला आणि दगडांत गेला. अर्धा तास शोधला. मग त्याच ट्रकवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, चाकूनं गोल चकती कापली, बोल्टाखाली घातली आणि घट्ट आवळलं. घरी पोचला. कुणाला काही कळलं नाही.

"चार-पाच दिवस काहीच झालं नाही, काका. मला वाटलं जमलं. मग हळूहळू सुरू व्हायला वेळ लागायला लागला. तोवर अण्णांनी बॅटरी घेतली होती. मग कसं सांगणार?"

हे "मग कसं सांगणार" फार खरं आहे. पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट दहा रुपयांची होती. बॅटरीनंतर ती हजारांची झाली, हीटरनंतर आणखी जड. न सांगितलेली गोष्ट जागेवर पडून राहत नाही, तिच्यावर व्याज चढतं, आणि ते फेडायची ऐपत तेवीस वर्षांच्या पोराची नसते.

मिस्त्रींनी बोल्ट खोलला. चकती बाहेर आली तेव्हा ती चकती राहिलीच नव्हती. डिझेलनं रबर फुगून मऊ झालं होतं, बोल्टाच्या दाबानं एका बाजूला सरकलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट पडली होती. बोटांत दाबल्यावर त्याचा काळा लगदा नखाला चिकटला.

"तुझी अक्कल वाईट नव्हती," ते म्हणाले. "त्या रात्री घरी यायला हे ठीक होतं. दुसऱ्या सकाळी काढायला हवं होतं. अण्णांना मी सांगणार नाही. तू सांगायचंस."

चहा आला. बाळानं कप हातात न घेताच सगळं सांगून टाकलं, थांबला असता तर जमलं नसतं अशा घाईनं. अण्णांचा चेहरा तापत गेला. बॅटरी, हीटर, सेल्फ, हुकलेले लिलाव, सगळा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार. ते उठले.

"हे तेव्हाच सांगायला तुझं काय जात होतं?"

बाळा काहीच बोलला नाही. माई दारातून म्हणाल्या, "आधीच्या पोराचा टायर फुटला तेव्हा त्यानं येऊन सांगितलंच होतं. त्याच्या पगारातून कापलेत तुम्ही पैसे. याच ओट्यावर."

कुणीच बोलेना. मिस्त्रींनी शांतपणे एक साधा प्रश्न विचारला. "पण अण्णा, डिझेल संपेपर्यंत ड्रायव्हरला कळलं कसं नाही? काटा नाही का गाडीला?"

"काटा बंद आहे," बाळा म्हणाला आणि लगेच थांबला.

"कधीपासून?"

उत्तर अण्णांनीच दिलं. "ऑगस्टपासून. यानं सांगितलं होतं मला. मीच म्हणालो, कांद्याचे पैसे आले की बघू."

मिस्त्रींनी पिशवीतून एक तांब्याचा वायसर काढला, जुना, एकदा वापरलेला. माईंच्या चुलीतल्या निखाऱ्यांवर चिमट्यानं धरून तो लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्याच्या वाटीत टाकला. चर्र झालं. "तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं," ते बाळाला म्हणाले, "मग ते जागेवर नीट बसत नाही. तापवलं की पुन्हा मऊ होतं. नवा मिळेपर्यंत हा चालेल. पण मिळाला की बदल." बोल्ट बसवला. प्रायमर मारून हवा काढायला बाळालाच लावलं. पारदर्शक नळीत आता काचेसारखं सरळ डिझेल होतं. मग तीही काढून मूळची नळी जागेवर बसवली.

जाताना ते एवढंच म्हणाले की गाडीत एक वही ठेवा. कुठं, कधी, कुणी हात लावला ते लिहीत जा, पुढं येणाऱ्या मिस्त्रीला उपयोगी पडेल. माईंनी दुधाच्या हिशेबाची अर्धी कोरी वही आणून दिली.

अण्णा बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग लिहिलं: "ऑगस्ट. डिझेलचा काटा बंद असल्याचं बाळानं सांगितलं. मी लक्ष दिलं नाही." खाली सही केली आणि वही बाळापुढं सरकवली. बाळानं पुढच्या ओळीत लिहिलं, "नोव्हेंबर. राहुड घाट." तिथं तो थांबला, अण्णांकडं पाहिलं, आणि मग अख्खं पान भरेपर्यंत लिहीत राहिला.

त्या रात्री गाडी खळ्यात सपाटीवर लागली होती.