व्रत आणि बंदी

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद राहू लागले. मुलांनी अभ्यास करावा, हा हेतू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल वापरण्यास बंदी घातली. अमेरिकेतल्या अनेक शहरांत याहून कडक कायदे आहेत: ठरावीक वेळेनंतर अल्पवयीन मूल रस्त्यावर दिसले की पोलीस त्याला अडवतात. काळजी तिन्हीकडे खरी आहे. तरीही वडगावचा नियम मला धर्माच्या जवळचा वाटतो आणि उरलेले दोन त्यापासून दूरचे. वडगावात मोठ्यांनीही स्वतःचा टीव्ही बंद केला. बाकी दोन्हीकडे मोठ्यांना काहीच सोडावे लागले नाही.

आपल्या परंपरेत संयमाला मोल आहे ते तो स्वतः पत्करला जातो म्हणून. पतंजलींच्या अष्टांगयोगाची सुरुवात यम-नियमांनी होते, पण ते साधकाने स्वतःवर घालून घ्यायचे असतात. गीतेच्या शेवटी, सगळा उपदेश करून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला विचार करून स्वतःच्या इच्छेने निर्णय घ्यायला सांगतो. धाकाने पाळलेला नियम धाक उठताच सुटतो. २०१६ साली कॅम्बेल कोलॅबोरेशन या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या अशा संचारबंदीवरचे १२ अभ्यास एकत्र तपासले. गुन्हे किंवा मुलांवरचे अत्याचार त्यामुळे कमी होतात, असे त्यातून दिसले नाही.

यावर कोणी म्हणेल, अर्जुन प्रौढ होता. मुलांना समज कुठली? आक्षेप वजनदार आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८५९च्या आपल्या ग्रंथात मुलांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळले होते. मुलाला राखणदार हवा, हे मान्यच. पण समज निर्णय घेत-घेत येते. ज्याच्यासाठी सतरा वर्षे दुसऱ्यांनीच सगळे ठरवले, त्या मुलाला अठराव्या वाढदिवशी ती अचानक मिळत नाही. शिवाय अशी संचारबंदी आपल्या गावांत आणली, तर ती गृहीत धरते की रात्री मुलाला सांभाळणारे घर आहे. परभणी जिल्ह्यातल्या पालम-गंगाखेड भागातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात, मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. शेतीची लाईट रात्रीची असली तर पोरगा बापाबरोबर पाणी द्यायला जातो. हरिनाम सप्ताहात कीर्तन रात्रीच रंगते आणि टाळ धरायला मुलेच पुढे असतात. या प्रत्येकाला एकाच ठरावाने दोषी ठरवणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. भीती अस्सल आहे, म्हणूनच उत्तरही प्रामाणिक हवे. वाट अंधारी असेल तर दिवे लावावेत, संध्याकाळची एसटी वेळेवर यावी, त्रास देणाऱ्याला आवरावे. जिला धोका आहे तिलाच कोंडणे म्हणजे दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा तिला देणे. ग्रामसभेत मुलांना मत नसते. त्यामुळे त्यांच्याविषयी ठराव करणाऱ्यांची जबाबदारी वाढते. मुलांचे म्हणणे ऐकण्याचे वचन देणारा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्येच स्वीकारला आहे. म्हणून गावाने नियम जरूर करावा, पण आधी मुलांना विचारावे आणि तो मोठ्यांनाही लागू करावा. जे आपण स्वतः सोडायला तयार नाही, ते मुलांकडून हिरावून घेण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.