तंगीतील ऋणकोला सवलत



मनोर, पालघर, बोईसर या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबांची चूल तारापूरच्या कारखान्यांवर पेटते. समजा, अशाच एका भावाचे काम सुटले, गृहकर्जाचे हप्ते थकले आणि दारावर जप्तीची नोटीस चिकटली. जुम्याच्या नमाजला त्याच्याच सफमध्ये उभे राहणारे आपण काय करतो? कोणी नजर चुकवतो. कोणी मनातल्या मनात हिशोब मांडतो की लिलावात हे घर कितीला पडेल!

तारण ठेवणे इस्लामने निषिद्ध मानलेले नाही. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत त्याला परवानगी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिलखतही जवाच्या बदल्यात गहाण होते. निषिद्ध आहे ते व्याज. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) अज्ञानकाळातील व्याज रद्द केले, तेव्हा सर्वप्रथम आपले चुलते हजरत अब्बास (रजि.) यांचे येणे व्याज रद्द केले. सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरापासून झाला.

त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत आज्ञा आहे की ऋणको तंगीत असेल तर त्याला हात सैल होईपर्यंत मुदत द्यावी. कर्ज माफ केले तर ते अधिक चांगले. परंतु मुदत देण्यासाठी धनकोला ऋणकोचा चेहरा दिसावा लागतो. आजच्या व्यवहारात हजारो घरकर्जे एकत्र बांधून त्यांच्या येणाऱ्या हप्त्यांवर रोखे काढले जातात व दूरच्या गुंतवणूकदारांना विकले जातात. अमेरिकेत याच मार्गाने, फेडण्याची ऐपत नसलेल्यांनाही कर्जे वाटली गेली, कारण बुडण्याचा धोका दुसऱ्याच्या माथी मारता येत होता. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले आणि त्याची झळ साऱ्या जगाला बसली. कर्ज विकले जाते. दया मात्र त्याबरोबर विकली जात नाही.

आपल्याकडे २००२ चा सरफेसी कायदा बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घर ताब्यात घेण्याचा अधिकार देतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते. त्यावर लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. म्हणून लाजेपोटी नोटीस लपवू नका; दिवस निघून जातात आणि हक्कही जातो.

तरुणांनो, सही करण्यापूर्वी विचार करा. भाड्याचे लहान घर व्याजाच्या मोठ्या घरापेक्षा बरकतीचे आहे. आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी आठवावे की सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे. भावाचे घर लिलावात निघण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याचे थकलेले हप्ते भरण्यासाठी चौघांनी एकत्र बसावे. सफमध्ये खांद्याला खांदा लावण्याचा अर्थ नमाजीबाहेरही टिकला पाहिजे.

अल्लाह आपल्या सर्वांना कर्जाच्या ओझ्यातून मुक्त करो आणि हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.