जुने गोंदण आणि नवी शाई

वेदान्तशास्त्राने अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत, आवरण आणि विक्षेप. असलेले झाकणे हे आवरणाचे काम, नसलेले दाखविणे हे विक्षेपाचे. दोरी झाकली जाते, मग तिथे साप दिसतो. हा सिद्धान्त पोथीत कठीण वाटतो. गोंदणाच्या दृष्टान्ताने तो लेकराबाळांनाही कळेल.

शहापूर-मुरबाड भागात गोंदण काही नवे नाही. ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्या आयांच्या कपाळावर, हातांवर हिरवट ठिपके नि रेघा अजून दिसतात. काजळी पाल्याच्या रसात कालवायची आणि सुयांच्या जुडग्याने टोचायची, ही जुनी रीत. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही श्रद्धा. आता विजेच्या यंत्राने गोंदतात. आणि जुने नकोसे झाले की त्यावरच नव्या शाईने दुसरे काढून घेतात.

मुरबाडकडच्या एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक तरुण आमच्यापाशी येऊन बसला. दंडावर एका बाईचे नाव. म्हणाला, "महाराज, ह्याच्यावर विठ्ठलाचं नाव काढून घेतलं तर दोष लागंल का?" विचारता कळले, नाव पहिल्या बायकोचे. ती लेकराला घेऊन शहापूरकडे माहेरी. याने घरात दुसरी आणलेली.

आता गोंदणाचे वर्म ऐका. कातडीचा वरचा पापुद्रा झडत असतो. शाई त्याखालच्या थरात बसते, म्हणून ती धुऊन जात नाही. नवी शाई जुन्यावर चुन्याच्या हातासारखी चढत नाही. त्याच थरात, जुनीच्या शेजारीच बसते. जुनी तिथेच राहते. म्हणून जाणता गोंदणारा फिकट रंगाने गडद झाकायला जात नाही. तो रंग गडद घेतो, चित्र जुन्याहून मोठे धरतो आणि जुन्या रेघा नव्या चित्राच्या अंगात सामावून घेतो.

कोणी म्हणेल, नामाने पाप जळते ना? जळते, यात शंका नाही. पण नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांपैकी एक आहे, हेही शास्त्रच सांगते. वाल्याचा वाल्मीकि झाला, म्हणून कथेने वाल्याला लपविले का? आजही आपण आधी वाल्याचेच नाव घेतो. आमचा विठ्ठल सावळा. त्याच्याहून गडद रंग कोणता? कोणाचेही जुने त्याच्यात सामावते. मात्र चित्र मोठे पाहिजे. नावावर नाव काढून भागत नाही.

म्हणून त्या तरुणाला म्हटले, "बाबा रे, नाव झाकशील, पण त्या नावाची बाई कशाने झाकशील? आधी शहापूरला जा. लेकराच्या पोटाचं दरमहा पोचतं कर, तिची क्षमा माग. विठ्ठल मागाहून गोंद. नाही गोंदलास तरी चालेल. देवाचा पडदा करू नकोस." तो खाली मान घालून उठून गेला. पुढचे त्याचा विठ्ठल जाणे.

सज्जनहो, त्या पोराला हसू नका. कोणी भावाचा बांध कोरला आहे, कोणी म्हाताऱ्या आईला जेवणाची पाळी लावली आहे, आणि वर गळ्यात माळ आहे. माळ खोटी नव्हे. पण तिच्याखाली झाकलेले देणे तसेच राहिले, तर तेच आवरण.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. गोंदायचेच असेल तर सुई आणि शाई स्वतःपुरती नवी घ्यावी. दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून रक्तावाटे कावीळ आणि एड्ससारखे रोग येतात. आणि आजीने हौसेने काढवून घेतलेले गोंदण शहरातल्या लोकांच्या लाजेने झाकू नये. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेवटी एवढेच. वारकरी गोपीचंदनाची मुद्रा गोंदून घेत नाही. ती रोज लावतो, रोज धुऊन जाते, उद्या पुन्हा लावतो. कातडी एका बैठकीत रंगते, मन रोजच्या रोज रंगवावे लागते. पुढच्या वारीला निघण्याआधी ज्याचे देणे त्याला देऊन या, म्हणजे चंद्रभागेत उतरताना दंड झाकावा लागणार नाही.

रामकृष्णहरि.