सवयीचा जोडीदार

व्यायाम, पथ्य किंवा व्यसनमुक्तीचा निश्चय करायला एक माणूस पुरतो. तो निभावायला बहुतेकांना दुसरा लागतो. या दुसऱ्याचे काम दिसायला अगदी साधे असते. आज चालून आलास का, गोळी घेतलीस का, सिगारेट ओढलीस का, एवढेच तो विचारतो. हेच प्रश्न डॉक्टर विचारतात, घरची माणसे विचारतात, आता मनगटावरचे घड्याळही विचारते. तरी मित्राच्या विचारण्याला जो गुण येतो तो इतरांच्या विचारण्याला सहसा येत नाही. याचे श्रेय आपण मैत्रीतल्या मायेला देऊन मोकळे होतो. पण माया आईच्या विचारण्यात कमी असते असे कोण म्हणेल? खरा फरक असा, की मित्र ज्या गोष्टीचा हिशेब मागतो त्याच गोष्टीचा हिशेब त्यालाही द्यायचा असतो. गेल्या शतकात या बाबतीत जे प्रयोग टिकले, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हा दुतर्फा हिशेब आहे.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग अपघातानेच सुरू झाला. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा बिल विल्सन नावाचा गृहस्थ अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी आला होता. ज्या व्यवहारासाठी आला तो फसला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हॉटेलच्या लॉबीतून बारमधले हसणे-खिदळणे ऐकू येत होते. विल्सनने तिथल्याच टेलिफोनवरून गावातल्या चर्चमध्ये फोन लावायला सुरुवात केली. त्याला दुसरा दारूडा हवा होता, बोलायला. अशा खटपटीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. स्मिथ यांनी पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेट कबूल केली आणि बसले ते रात्री उशिरापर्यंत. दारूचे दुष्परिणाम एका डॉक्टरला कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. समोरचा माणूस सल्ला देत नव्हता, स्वतःची कहाणी सांगत होता आणि तसे करण्याची त्याला स्वतःलाच गरज होती, हे मात्र स्मिथ यांना नवे होते. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जूनला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेची स्थापना त्या दिवसापासून मोजतात.

या कहाणीतला महत्त्वाचा भाग अ‍ॅक्रनच्या आधीचा आहे. त्याआधीच्या महिन्यांत विल्सन न्यूयॉर्कमध्ये कितीतरी दारूड्यांच्या मागे लागला होता. त्यांतला एकही सुधारला नाही. मात्र या खटपटीत विल्सन स्वतः कोरडा राहिला. विचारणाऱ्याला विचारण्याचा फायदा होतो, तो कित्येकदा उत्तर देणाऱ्यापेक्षाही जास्त असतो. पुढे या संघटनेत जुन्या सदस्याने नव्याचा पाठीराखा व्हायची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात हाच हिशेब आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली, नव्या रुग्णाच्या थापा त्यांना लगेच कळतात, कारण त्या त्यांनीही मारलेल्या असतात. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची ही पद्धत केवळ भावनेवर चालते असा आक्षेप बरीच वर्षे घेतला गेला. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांतील १०,५६५ जणांच्या माहितीचा आढावा घेतला, तेव्हा वर्षभर दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचे प्रमाण या पद्धतीत सुमारे ४२ टक्के, तर इतर उपचारांत ३५ टक्के दिसले. फरक डोळे दिपवणारा नाही. पण सदस्यांकडून फी न घेणाऱ्या संघटनेच्या मानाने तो कमीही नाही.

वजनाच्या बाबतीतली कहाणी याहून घरगुती आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी जीन निडेच ही गृहिणी १९६१ मध्ये सरकारी आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात जाऊ लागली. वजन होते ९७ किलोच्या आसपास. दवाखान्याने दिलेला आहार चांगला होता, वजन उतरतही होते. पण न्हाणीघरात मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवलेली चॉकलेट बिस्किटे ती रात्री खात होती, आणि दवाखान्यातल्या कडक बाईंपुढे हे कबूल करायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने आपल्यासारख्याच सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावले आणि बिस्किटांची गोष्ट त्यांना सांगून टाकली. मग त्यांच्याही लपवाछपव्या बाहेर आल्या. दर आठवड्याला बैठक भरू लागली, काही काळातच घर अपुरे पडू लागले, आणि १९६३ मध्ये त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. बैठका घ्यायला कंपनी माणसे निवडायची तीही स्वतः वजन उतरवलेल्यांमधून. पुढे या कल्पनेचा जो अवाढव्य धंदा झाला त्याबद्दल काय वाटायचे ते वाटो, मूळ शोध पक्का होता. आहाराचा कागद दवाखान्यात आणि मैत्रिणींच्या बैठकीत एकच होता. बदलली ती कबुली देण्याची जागा. वरिष्ठापुढे माणूस चूक लपवतो आणि बरोबरीच्यापुढे सांगतो. आणि हिशेब म्हटला की खोटा आकडा काय कामाचा?

बरोबरीच्यांच्या साथीची मोजदाद करण्याचा प्रयत्न रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १६६ जण होते. काही एकेकटे आले, काहींनी तीन मित्र किंवा नातलग बरोबर आणले. एकेकटे येऊन नेहमीचा कार्यक्रम करणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पुरा केला. मित्रांबरोबर येऊन एकमेकांना साथ देण्याचे खास मार्गदर्शनही मिळालेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होते. पुढच्या सहा महिन्यांत उतरलेले वजन पूर्ण टिकवणारे पहिल्या गटात २४ टक्के, दुसऱ्यात ६६ टक्के. हे आकडे आरोग्यविषयक भाषणांत सर्रास दिले जातात, पण एक गोष्ट बहुधा गाळून. कोण एकटा येणार आणि कोण मित्रांसह, हे चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते. तीन माणसे गोळा करून आणणारा मुळातच अधिक हौशी किंवा अधिक माणसे राखून असणारा असू शकतो. तेव्हा सगळे श्रेय मैत्रीला देता येत नाही. काही मात्र द्यावेच लागते.

ही साथ नेमकी कशी काम करते, ते तालमीत सर्वांत स्वच्छ दिसते. जोर-बैठका एकट्याने मारता येतात, पण कुस्तीच्या सरावाला जोड लागते, वजनाने आणि ताकदीने साधारण आपल्याएवढी. पहाटे एक पठ्ठ्या आला नाही की दुसऱ्याची मेहनत वाया जाते. वस्तादाचा धाक वस्ताद गावाला गेला की सैल पडतो. जोडीदार मात्र लंगोट लावून आखाड्यात उभा असतो. इथे विचारण्याचीही गरज उरत नाही, गैरहजेरीच बोलते. बॅडमिंटनच्या दुहेरीत चौथा गडी असलेल्या माणसाचा खेळ एकट्याने धावणाऱ्यापेक्षा जास्त वर्षे टिकला, तर तो याच कारणाने. जोडीतला फरक बेताचा असण्यालाही महत्त्व आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका नौकानयन मंडळातल्या गड्यांना जोडीने वजने उचलायला लावली. जोडीतला कमजोर गडी एकटा असताना जितका टिके त्याहून जास्त वेळ टिकला, आणि हा फायदा दोघांतला फरक मध्यम असताना सर्वांत जास्त होता. फार तगड्या जोडीदारापुढे माणूस आधीच हात टेकतो.

महाराष्ट्राला या गोष्टीचे आणखी एक रूप शतकानुशतके परिचयाचे आहे. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा मद्य-मांस वर्ज्य करतो, एकादशी आणि वारी पत्करतो. माळ गळ्यात दिसते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत किंवा पार्टीत त्याला नकार द्यावाच लागत नाही. समोरचाच ‘माळकरी आहेत’ म्हणून आग्रह आवरतो. ज्यांच्या दिंडीत चालायचे त्यांच्याही गळ्यात तीच माळ असते. धर्मश्रद्धेला केवळ आरोग्याच्या मापाने मोजणे बरोबर नाही, पण व्यसनाच्या वाटेवरून कित्येक घरे या माळेने मागे आणली, हे गावोगाव ठाऊक आहे.

माळ घालणे आणि चारचौघांत संकल्प जाहीर करणे या मात्र दोन गोष्टी आहेत. एक जानेवारीला फोनवरच्या ग्रुपात ‘उद्यापासून जिम’ असे लिहिले की तासाभरात अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि काम अर्धे झाल्यासारखे वाटू लागते. पीटर गॉलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. ज्या विद्यार्थ्यांच्या इराद्याची दुसऱ्याने दखल घेतली, त्यांनी इरादा मनात ठेवणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष काम कमी केले. मोठ्या ग्रुपाचा दुसरा दोष असा, की तिथे हजर असलेलेच बोलतात. दहा हजार पावले झालेला फोटो टाकतो, दोन हजारवाला गप्प बसतो आणि पंधरा दिवसांनी ग्रुप म्यूट करतो. दीडशे जणांत त्याची गैरहजेरी कोणाच्या लक्षात येत नाही. तिघांत ती त्याच सकाळी येते.

काय विचारायचे, यालाही महत्त्व आहे. ‘किती किलो उतरले?’ हा प्रश्न मीठ, पाणी, मासिक पाळी अशा शंभर गोष्टींवर अवलंबून असलेल्या आकड्याचा जाब मागतो. ‘रात्री आठनंतर काही खाल्लेस का?’ याचे उत्तर माणसाच्या हातात असते. दंड लावण्याची हौसही बेतानेच करावी. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडला नाही. बुडालेल्या दिवसाबद्दल शंभर रुपये वसूल करणाऱ्या मित्रापेक्षा दुसऱ्या दिवशी सहा वाजता खालून हाक मारणारा मित्र म्हणूनच जास्त कामाचा. शिवाय दंड भरला की अपराध फिटल्यासारखा वाटतो, ते वेगळेच.

मैत्रीचा हा ओढा चांगल्याच दिशेने असतो असे नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन हृदयविकार-अभ्यासातील १२,०६७ जणांची १९७१ ते २००३ या काळातील माहिती निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासली. मित्र लठ्ठ झाला तर माणूस लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली; दोघेही एकमेकांना मित्र मानत असतील तर ही वाढ याच्या तिप्पट होती, आणि शेजाऱ्याच्या लठ्ठपणाचा परिणाम दिसला नाही. सारखी माणसेच एकमेकांचे मित्र होतात, त्यामुळे यातले किती संसर्गाचे आणि किती निवडीचे, यावर संख्याशास्त्रज्ञांनी जोरदार वाद घातला आहे आणि तो रास्त आहे. पण ज्याने पुण्यातल्या टेकड्यांवरून उतरणारी सकाळची टोळकी इडली-वड्याकडे वळताना पाहिली आहेत, त्याला मूळ मुद्दा पटायला आकडे लागणार नाहीत. ‘एक प्लेट चौघांत’ म्हणून मागवलेली भजी दुसऱ्या प्लेटीपर्यंत जाते तेव्हाही दुतर्फा हिशेबच चालू असतो. फक्त तो एकमेकांना सूट देण्याचा असतो.

काही ठिकाणी जोडीदाराने मागेच थांबायला हवे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मित्राच्या भरवशावर ती एका दिवसात बंद केली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर आणि औषधे, बैठका नंतर. मधुमेहींच्या मित्रमंडळात एकाची गोळी निम्म्यावर आली म्हणून दुसऱ्याने आपली निम्मी करणे, किंवा इन्सुलिन चालू असताना मित्राच्या जोडीने कडक उपास धरणे, यात रक्तातली साखर धोकादायकरीत्या वर किंवा खाली जाऊ शकते. अन्नाची धास्ती घेतलेल्या, उपाशी राहून खंगत चाललेल्या मुलीला रोज वजन विचारणारी मैत्रीण तिचा आजार वाढवते. अशा वेळी मित्राने विचारण्याजोगा प्रश्न एकच उरतो: डॉक्टरांकडे कधी जायचे, आणि बरोबर येऊ का.